उभ्या गाडीची बॅटरी उतरतेय? करंट कुठे जातो ते असं शोधा

आठवडाभर उभी असलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर रविवारी बाहेर काढायला जावं, किल्ली फिरवावी आणि सेल्फने नुसतं ‘टक्’ करावं, हे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना नवीन नाही. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं, “साहेब, बॅटरी गेली, नवी टाका.” पण गाडीतच कुठे करंट गळत असेल तर नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच बसते. म्हणून पैसे घालण्याआधी एक आकडा काढा: गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातोय. नळ सगळे बंद असूनही पाण्याचा मीटर फिरत असेल तर गळती आहे हे आपण ओळखतोच, इथेही तोच हिशेब.

सामान फार लागत नाही. १० अँपिअर डीसी मोजणारा मल्टिमीटर (पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो), टर्मिनलला बसणारा पाना, होल्डर आणि वायरींसकट १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, आणि कागद-पेन. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी-सिगारेट नको.

आधी बॅटरीचीच परीक्षा घ्या. ती पूर्ण चार्ज करून काही तास तशीच राहू द्या, मग मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आता अर्थची केबल, म्हणजे बॅटरीपासून गाडीच्या बॉडीला जाणारी, काढून रात्रभर ठेवा. काहीही जोडलेलं नसताना सकाळी व्होल्टेज १२.४ च्या खाली आलं, तर दोष बॅटरीचाच. तिचा माथाही पाहा. धूळ आणि अ‍ॅसिडचा ओलसर थर असेल तर त्यातूनही करंट झिरपतो. मीटरची एक पिन निगेटिव्हला आणि दुसरी प्लास्टिकच्या माथ्यावर टेकवा. व्होल्टेज दिसलं तर झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या.

चार्जिंगही तपासा. इंजिनला थोडी रेस दिल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या आधीचं, बॅटरी चार्ज करणारं जुनं जनित्र) गाड्या आयडलवर फारसं चार्ज करत नाहीत. संध्याकाळी दिवे लावून लक्ष्मी रोडच्या गर्दीतून रांगत आलेली गाडी निघाली त्यापेक्षा रिकाम्या बॅटरीने घरी पोहोचू शकते. तिथे गळती शोधण्यात अर्थ नाही.

आता मुख्य काम. किल्ली काढा, दारं आणि डिक्की बंद करा, मग अर्थची केबल सोडवा. काही जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो, त्यामुळे बॉडीला जाणारी केबल कोणती ते डोळ्यांनी पाहूनच हात घाला. सुटलेली केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये आधी तो बल्ब जोडा. लख्ख पेटला तर कुठेतरी मोठा शॉर्ट आहे, मीटर लावू नका. विझलेला किंवा मंद असेल तर बल्बच्या जागी मीटर लावा, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. मीटर असताना किल्ली फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. आणि काम झालं की लाल पिन व्होल्टच्या भोकात परत घाला. ती तिथेच राहून तुम्ही टर्मिनलचं व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटरमधूनच शॉर्ट होतो.

घड्याळ आणि स्टिरिओ नसलेल्या जुन्या गाडीत आकडा शून्य यायला हवा. ते असतील तर थोडेफार मिलिअँपिअर चालतील. ०.४ अँपिअर आला तर ५ वॅटचा एक बल्ब कुठेतरी जळतोय असं समजा. ४० अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर दोन दिवसांत निम्मी होते.

मग एकेक फ्यूज काढा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या लाइनवर. डिक्कीच्या दिव्याचा संशय असेल तर आत फोन व्हिडिओवर ठेवून डिक्की लावा, किंवा थोड्या वेळाने उघडून लगेच बल्बला हात लावा, कोमट लागतो. दारांचे बटण-स्विच आणि ब्रेकलाइटचा स्विचही अडकतात.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, की बरेच जण इथे हात टेकतात. जुन्या गाडीत अर्धं वायरिंग फ्यूजमधून जातच नाही. पद्मिनीत निदान चिनी मातीच्या फ्यूजची रांग असते. जुन्या लुकास (गाड्यांचे इलेक्ट्रिक भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीत बहुधा काचेचे दोनच. तेव्हा कायम जिवंत असणाऱ्या वायरींचाच माग काढा. लुकासच्या रंगसंगतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची आणि जांभळी फ्यूजमधून आलेली, पण दोन्ही किल्लीशिवाय जिवंत. पांढरी आणि हिरवी किल्लीनंतरची. त्या किल्ली बंद असताना जिवंत सापडल्या तर इग्निशन स्विच संशयित. मूळ वायरिंग शाबूत असेल तरच रंगांवर विश्वास ठेवा.

यात माझा पहिला संशय चार्जिंगवर असतो. डायनॅमोच्या कटआऊटचे (इंजिन थांबलं की डायनॅमोला बॅटरीपासून तोडणारा आपोआप स्विच) पॉइंट चिकटले की बॅटरी उलटी डायनॅमोतून रिकामी होते. गाडी कधीची बंद असूनही डायनॅमोची बॉडी गरम लागते. अल्टरनेटर असेल तर त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतो. मीटर काढा, त्यांची जाड वायर सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. दुसरा संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर: जादा हॉर्न, फॉग लाइट, रिव्हर्स बझर, मोबाइल चार्जर. यांच्या वायरी बऱ्याचदा फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून ओढलेल्या असतात.

आकडा कधी येतो कधी जातो असं असेल तर मीटर लावलेला ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवा, विशेषतः फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकापाशी, जिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) झिजून वायर पत्र्याला घासते. पावसाळ्यात आवरण उंदरांनी कुरतडलेलं आणि त्यात ओल, असंही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सर्रास सापडतं. अशा जागी नुसती टेप नको. तेवढा तुकडा त्याच जाडीच्या वायरने बदला, सोल्डर करा, नवा ग्रोमेट बसवा. स्विच, फ्यूज, कटआऊटसाठी नाना पेठेत जाताना जुना भाग सोबत न्या, नावापेक्षा नमुना दाखवून काम लवकर होतं. बॅटरीचा कट-ऑफ स्विच जरूर बसवा, पण गळती सापडल्यानंतर. शॉर्ट होणारी वायर गाडी चालू असतानाही तितकीच धोक्याची असते.

दुरुस्तीनंतर पुन्हा मीटर लावून आकडा घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज करा, आणि केबल जोडलेली ठेवून तीन दिवसांनी व्होल्टेज बघा.