‘मोरिया’चे पुढे काय झाले? युद्धावर गेलेल्या आगबोटीचा इतिहास नाशिकमध्ये बसून कसा शोधावा

‘मोरिया’ हे नाव नाशिककरांच्या कानावर शाळेपासून पडलेले असते, कारण भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात ज्या आगबोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली, ती हीच बोट होय. त्या उडीविषयी विपुल लिहिले गेले आहे. बोटीचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पी अँड ओ कंपनीची ही प्रवासी बोट पहिल्या महायुद्धात तोफा बसवून ब्रिटिश नौदलाच्या सेवेत गेली होती. अशा बोटींचा माग काढण्याची पद्धत तिच्याच उदाहरणाने समजावून घेणे सोयीचे होईल. ज्यांच्या घरातील ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे लष्करी पदक, पासबुक किंवा बंदरावरून धाडलेले पोस्टकार्ड आहे, त्यांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

पहिले काम म्हणजे बोटीचे नाव, कंपनी आणि प्रवासाची तारीख या तीन गोष्टी एका कागदावर आणणे. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात चरित्रे आणि आठवणींची पुस्तके चाळण्यापासून सुरुवात करावी, कारण प्रवासाची तारीख बहुधा तिथेच मिळते. नावे मात्र मराठीत येताना बदलतात, याचे भान ठेवावे. एडन ते मुंबई या टप्प्यावर पी अँड ओची ‘सॅल्सेट’ ही लहान पण वेगवान बोट धावत असे आणि सॅल्सेट म्हणजे आपली साष्टी. तेव्हा जुन्या मजकुरात ‘साष्टी’ बोट दिसली, तर इंग्रजी यादीत ती ‘सॅल्सेट’ या नावाखालीही पाहावी. ती बोट जुलै १९१७ मध्ये इंग्लिश खाडीत पाणबुडीने बुडवली.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक हौशी संशोधक नेमके तिथेच घसरतात. कंपन्या बुडालेल्या किंवा मोडीत काढलेल्या बोटीचे नाव नव्या बोटीला देत असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १५ ऑगस्ट १९३१ रोजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ‘मुलतान’ बोटीने निघाले. नुसत्या नावावरून शोधले, तर जुलै १९१७ मध्ये भूमध्य समुद्रात टॉर्पेडोने बुडालेली ‘मुलतान’ हाती लागते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. आंबेडकरांची ‘मुलतान’ १९२३ सालची, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत बांधलेली दुसरी बोट होती. ती दुसऱ्या महायुद्धात आधी सशस्त्र क्रूझर (तोफा बसवून नौदलात घेतलेली प्रवासी बोट) आणि नंतर सैनिकवाहू बोट म्हणून वापरली गेली, युद्धातून सुखरूप परतली आणि १९५४ मध्ये भंगारात निघाली. म्हणून नावापुढे बांधणीचे वर्ष लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याहून खात्रीचा आधार म्हणजे बोटीचा अधिकृत नोंदणी क्रमांक. १८५५ पासून ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक बोटीला असा क्रमांक मिळत असे आणि नाव किंवा मालक बदलला तरी तो बदलत नसे. हा क्रमांक आणि बांधणीचा तपशील लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या सूचीच्या वार्षिक खंडांत सापडतो. १९३० ते १९४५ चे खंड स्कॅन केलेल्या स्वरूपात नेटवर मोफत पाहता येतात. त्यात दिलेले ‘ग्रॉस टन’ हे वजन नव्हे, तर शंभर घनफुटांना एक टन या हिशेबाने मोजलेले आकारमान असते. (वृत्तपत्री लेखांत त्याला सर्रास ‘वजन’ म्हटले जाते.)

बोट निश्चित झाली की त्या तारखेला ती कोणत्या कामावर होती, हे पाहावे. नावाआधीची अक्षरे येथे उपयोगी पडतात: ‘आरएमएस’ म्हणजे टपाल नेणारी बोट, ‘एचएमटी’ म्हणजे सरकारने भाड्याने घेतलेली सैनिकवाहू बोट, ‘एचएमएचएस’ म्हणजे इस्पितळ बोट आणि ‘एचएमएस’ म्हणजे नौदलाचे जहाज. एकाच बोटीच्या आयुष्यात यांतील दोन-तीन उपाध्या येऊन जाऊ शकतात आणि उपाधी बदलली की कागदपत्रांचे दालनही बदलते. लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात नौदलाच्या जहाजांची रोजनिशी ‘एडीएम ५३’ या मालिकेत आहे, दुसऱ्या महायुद्धातील व्यापारी बोटींच्या हालचालींची कार्डे ‘बीटी ३८९’ मध्ये आहेत, तर पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या पलटणींच्या युद्ध-रोजनिशा ‘डब्ल्यूओ ९५’ मध्ये आहेत. पणजोबा शिपाई असतील, तर बोटीपेक्षा त्यांच्या पलटणीच्या रोजनिशीपासून आरंभ करावा; पलटण कधी आणि कोणत्या बोटीवर चढली, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. अभिलेखागाराची यादी नेटवर घरबसल्या पाहता येते, मात्र प्रत्येक कागद डिजिटल झालेला नाही.

युद्धात बुडाली म्हणजे ती लढाऊ बोट होती, असेही समजू नये. सावरकर जून १९०६ मध्ये ज्या ‘पर्शिया’ बोटीने लंडनला गेले, ती ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येत असताना भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाजवळ ‘यू-३८’ या जर्मन पाणबुडीने बुडवली. ती त्या वेळी प्रवासीच नेत होती, त्यामुळे तिचा शोध नौदलाच्या रोजनिशीत घेणे व्यर्थ आहे. उलट गांधीजींना २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून नेणारी ‘राजपुताना’ १९३९ अखेर सशस्त्र क्रूझर झाली आणि १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलँडच्या पश्चिमेला ‘यू-१०८’ कडून बुडाली. तिच्याविषयी नौदलाच्या कागदांत पाहावे लागते. तिची बहीण ‘रावळपिंडी’ २३ नोव्हेंबर १९३९ रोजी ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या दोन जर्मन युद्धनौकांसमोर आठ जुन्या सहा-इंची तोफा घेऊन उभी राहिली आणि थोड्याच वेळात बुडाली. प्रवासी बोटीला चिलखती पत्रा नसतो आणि तिची उंची दुरूनच नजरेत भरते; वेग आणि मोठा पल्ला या गुणांवर नौदलाने तिला निवडले, पण तिच्या उणिवा तशाच राहिल्या.

पाणबुड्यांनी बुडवलेल्या बोटींची तारीख, ठिकाण आणि पाणबुडीचा क्रमांक ‘यूबोट डॉट नेट’ या संकेतस्थळावर मिळतो. ‘मोरिया’ मात्र तिथे सापडणार नाही, कारण ती बुडालीच नाही. १९३० मध्ये जपानमध्ये ती मोडीत निघाली. अशा वेळी बोट सोडून तिच्यावरील माणसांच्या आठवणींकडे वळावे. केनेथ कमिन्स हे १९१८ मध्ये ‘मोरिया’वर तरुण मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) होते. २७ जून १९१८ रोजी आयर्लंडजवळ ‘लँडोव्हरी कॅसल’ ही इस्पितळ बोट बुडवली गेली, तेव्हा तिच्यावरील परिचारिकांच्या तरंगत्या प्रेतांमधून आपली बोट कशी गेली, हे त्यांनी उतारवयात सांगितले. पुढे हेच कमिन्स ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’वर होते. आंबेडकर ऑक्टोबर १९३० मध्ये, म्हणजे काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, पहिल्या गोलमेज परिषदेला गेले ते याच बोटीने. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी सैनिक उतरवून परतताना ती अल्जीरियातील ओरान बंदराजवळ बुडाली आणि कमिन्स बचावले.

अधिकाऱ्यांच्या अशा आठवणी मिळतात. भट्टीसमोर कोळसा ओढणाऱ्या खलाशांच्या क्वचितच मिळतात. त्यांच्यासाठी नाशिक रोडहून सकाळची गाडी पकडून मुंबईला जावे. मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होम येथे समुद्र हीच ज्यांची कबर झाली, अशा पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. जाण्यापूर्वी युद्धात मेलेल्यांच्या कबरी व स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर बोटीच्या नावाने शोध घ्यावा आणि माणसाचे नाव चार-पाच निरनिराळ्या इंग्रजी स्पेलिंगांनी तपासावे, कारण सारंगाने (खलाशांच्या मुकादमाने) तोंडी सांगितलेले नाव गोऱ्या कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते.