डोंगरातली रेड वाईन खानदेशच्या उन्हाळ्यात कशी चाखावी

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांसाठी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला घरातच ३५ अंश असतात. एवढ्या गरम वाईनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं आणि डोंगरी द्राक्षाचा आंबटपणा दबून जातो.

उदाहरणाला अर्जेंटिनाच्या उको व्हॅलीतली माल्बेक, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन, घेऊ. अँडीजच्या पायथ्याशी या बागा समुद्रसपाटीपासून साधारण ९०० ते १५०० मीटर उंचीवर आहेत. दर हजार मीटर चढलं की हवेचं तापमान सहाएक अंशांनी उतरतं. शहाद्याहून तोरणमाळ चढताना हा फरक अंगाला कळतो. थंड रात्रींमुळे द्राक्षातलं आम्ल टिकतं, कडक उन्हामुळे साल जाड होते, रंग आणि टॅनिन (सालीतला तुरट घटक) वाढतं.

१. बाटली बर्फ घातलेल्या पाण्यात मानेपर्यंत पंधरा मिनिटं बुडवा, किंवा फ्रिजमध्ये दोन-सव्वादोन तास ठेवा. वाईन १६ ते १८ अंशांवर यायला हवी. बूच वर सरकलेलं किंवा चिकट दिसलं, तर बाटली वाटेत तापली असावी.

२. साबणाचा वास नसलेल्या ग्लासात ५० मिलि ओता. जास्त ओतली तर चाखून होईपर्यंत तापते.

३. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. नव्या माल्बेकची कड जांभळट असते. तपकिरी दिसली तर हवेने किंवा उष्णतेने बिघडली आहे.

४. आधी न हलवता वास घ्या, मग पाच-सहा वेळा फिरवून. जांभूळ, आलुबुखारा, कधी मिरी येते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा, शिजवलेल्या जॅमसारखा आला तर उष्णतेचा. अशी वाईन थांबून सुधारत नाही.

५. चमचा-दोन चमचे घोट आठ-दहा सेकंद तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडल्या, कच्चं केळं चावल्यासारख्या, तर ते टॅनिन. घशात जळजळलं तर अल्कोहोल. पण आधी तापमान पुन्हा तपासा, बहुतेक वेळा वाईन गरमच झालेली असते.

६. गिळल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजा. अनेक बाटल्या चाखायच्या असतील तर घोट थुंकून टाका, आणि गाडी चालवायची असेल तर चाखूच नका.

शेवभाजी किंवा हिरव्या मिरचीचं भरीत सोबत नको. तिखटाने अल्कोहोलची आग वाढते, टॅनिन कडू लागतं. कळण्याच्या भाकरीचा कोरा तुकडा आणि पाणी पुरे. उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा.