आधी अंदाज, मग प्रयोग: लहान मुलांना झाडं, प्राणी आणि शरीर शिकवताना

धडा सुरू करण्याआधी मुलांना कोरा कागद द्या. "बी पेरल्यावर मातीखाली काय होतं ते काढा", "खाल्लेला घास कुठे कुठे जातो ते काढा", एवढंच सांगा. दहा मिनिटं द्या, काहीही दुरुस्त करू नका. घासासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी नळी काढणारी मुलं हमखास निघतात. काहींचा घास पोटात जाऊन तिथेच थांबतो. मुलांच्या डोक्यात आधीपासून एक उत्तर असतं. प्रयोगाने त्यालाच हात घालायचा असतो, नाहीतर प्रयोगाची नुसती गंमत होते. कागदांवर तारीख घालून जपून ठेवा आणि धडा संपल्यावर तेच चित्र पुन्हा काढायला सांगा.

बरणीतलं बी

राजमा किंवा वाल घ्या, दाणे मोठे म्हणून भाग नीट दिसतात. (कच्चा राजमा विषारी असतो, तोंडात घालू देऊ नका.) दाणे ८ ते १० तास भिजवा. काचेच्या बरणीत आतून टीपकागद लावा आणि तो काचेला घट्ट चिकटून राहील इतके कागदाचे बोळे मधे भरा. काच आणि टीपकागद यांच्यामध्ये, बरणीच्या अर्ध्या उंचीवर चार-पाच दाणे अडकवा: एक उभा, एक आडवा, एक उलटा. तळाला सेंटिमीटरभर पाणी ठेवा, बाकीचं काम कागद करतो. सगळ्यात जास्त दाणे वाया जातात ते पाण्यात बुडाल्यामुळे. बुडालेल्या दाण्याला पुरेशी हवा मिळत नाही, तो कुजतो. वास आला की तो दाणा लगेच काढा.

काही दिवसांत आधी मूळ बाहेर येतं, खोड नंतर. दाणा कसाही ठेवलेला असो, मूळ खालीच वळतं. ते ३-४ सेंटिमीटर झालं की पाणी ओतून टाका, कागद ओला राहू द्या आणि बरणी आडवी करा. दुसऱ्या दिवशी भिंगातून बघायला लावा: आधी वाढलेला भाग सरळच आहे, वळलंय ते फक्त टोकाजवळ. मूळ टोकाशी वाढतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता दोन बरण्या करा, एक उजेडात आणि एक बंद कपाटात. पाणी, दाणे, कागद सगळं सारखं. फरक फक्त उजेडाचा. अंधारात बी उगवणारच नाही, असा बहुतेकांचा अंदाज असतो. ते उगवतं, आणि वर उजेडातल्यापेक्षा उंचही होतं! इथे थांबलात तर मुलं "अंधार चांगला" हेच शिकून जातील. म्हणून प्रयोग निदान दोन-तीन आठवडे चालू ठेवा. अंधारातलं रोप पिवळट, बारीक राहतं आणि दलांमधला (दाण्याच्या दोन जाड फाकांमधला) साठा संपला की कोलमडतं. त्या सुरकुतलेल्या दलांवर बोट ठेवून विचारा, "इतके दिवस हे काय खात होतं?"

झाड माती खातं, ही समजूत मात्र बरणीने जात नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मोंटचा प्रयोग सांगा. त्याने सुमारे २०० पौंड कोरड्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन दीडशे पौंडांहून अधिक वाढलं, माती जेमतेम दोन औंस घटली. हे सगळं पाण्यातून आलं, असं त्याला वाटलं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा पुढे कळला.

गांडूळ

अर्ध्या ट्रेमध्ये ओला कागद, अर्ध्यात कोरडा. मधोमध गांडूळ ठेवा आणि ते कुठे जाईल याचा अंदाज आधी लिहून घ्या. मग दोन्हीकडे ओला कागद करून अर्धा ट्रे झाका. डोळे नसूनही ते अंधाराकडे जातं, कारण त्याच्या त्वचेला उजेड कळतो. ते कोरड्या कागदावर सरकत असताना कान जवळ नेला तर त्याच्या राठ केसांची खरखर ऐकू येते. हे काही सेकंदच: गांडूळ ओल्या त्वचेतून श्वास घेतं. हात ओले हवेत, ऊन नको, पंधरा मिनिटांत ते परत ओल्या मातीत. नंतर साबणाने हात धुवा.

नाडी आणि श्वास

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण त्याचीच नाडी लागते. बसून ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मग एक मिनिट उड्या. लगेच मोजताना १५ सेकंदच मोजून चौपट करा, कारण ठोके झपाट्याने उतरतात. तुलना स्वतःच्याच आकड्यांशी करायची, शेजाऱ्याशी नको. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाकडे घड्याळ द्या.

श्वासासाठी प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापा. तोंडातून फुगा आत सोडून त्याची कड तोंडावर उलटवा, तळाला दुसऱ्या फुग्याचं रबर ताणून बसवा. रबर ओढलं की आतला फुगा फुगतो. फुगला नाही तर कुठेतरी गळती आहे, कडा चिकटपट्टीने बंद करा. हवा शिरते म्हणून छाती फुगते, असं मुलांना वाटतं. खरं उलट आहे: श्वासपटल (छातीखालचा स्नायूचा पडदा, बाटलीत तळाचं रबर) खाली जातं, बरगड्या उचलतात, आत जागा होते, म्हणून हवा येते. बाटलीचं तोंड बोटाने बंद करून रबर ओढायला सांगा. फुगा जवळपास फुगत नाही. मग बाटलीत काय चुकीचं दाखवलंय, हेही विचारा: फुप्फुस एकच आहे, त्याच्याभोवती मोकळी जागा आहे आणि बाटलीच्या भिंती हलत नाहीत. बरगड्यांवर हात ठेवून खोल श्वास घेतला की हा शेवटचा फरक मुलं स्वतःच सांगतात.