थंडी पडायच्या आधी लॉन आणि कुंड्यांची तयारी

पानं पिवळी पडायला लागली, संध्याकाळ लवकर व्हायला लागली की लॉन आणि घरातली झाडं, दोन्हींची तयारी एकदमच काढावी लागते, पण दोघांची कामं एकमेकांच्या बरोबर उलटी आहेत आणि घोळ होतो तो इथेच. बाहेर हवा गार झाली तरी माती बरेच दिवस कोमट राहते, त्यामुळे गवत वरून मंदावलं तरी खाली मुळं जोरात वाढत असतात, म्हणून लॉनला आता खायला घालायचं. घरात मात्र खिडकीतून येणारा उजेडच कमी होतो, झाडं वाढ जवळपास थांबवतात, म्हणून त्यांचं खाणंपिणं कमी करायचं. तारखा देत नाहीये, कारण दक्षिण गोलार्धात हाच ऋतू मार्च ते मे मध्ये येतो, तेव्हा कॅलेंडरपेक्षा रात्रीचं तापमान बघत चला.

लॉनवाल्यांनी आधी आपलं गवत कुठलं ते नक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. फेस्क्यू, रायग्रास, केंटकी ब्लूग्रास ही थंड हवेतली गवतं, उन्हाळ्यात दमलेली असतात आणि आता परत जोमात येतात, त्यांना वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं खत याच काळात द्यायचं. बर्म्युडा म्हणजे हरळी, झोयसिया, सेंट ऑगस्टीन ही उष्ण हवेतली, ती आता झोपायच्या तयारीत असतात, त्यांना उशिरा नत्र दिलं तर कोवळी पालवी फुटते आणि पहिल्याच हिमात, म्हणजे गोठलेल्या दवात, जळून जाते, रोगही लवकर धरतात. ती तपकिरी पडली म्हणून घाबरून खत-पाण्याचा मारा करू नका प्लीज, मेलेली नसतात, ऊब आली की परत हिरवी होतात.

थंड हवेतलं लॉन विरळ झालं असेल तर दुरुस्तीला यासारखी वेळ नाही आणि इथे क्रम चुकवू नका. आधी गवत थोडं आखूड कापा, मग मुळाशी वाळक्या काड्यांचा जो थर साचतो, ज्याला थॅच म्हणतात, तो साधारण १ सेंटीमीटरपेक्षा जाड असेल तर दाताळ्याने ओढून काढा, कारण तो पाणीही खाली जाऊ देत नाही आणि बी पण मातीला टेकू देत नाही. त्यानंतर एरेशन, म्हणजे पोकळ दाते असलेल्या अवजाराने ५ ते ८ सेंटीमीटर खोल मातीचे गुल्ले उपटून काढायचे, हे माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी, असतानाच करा, चिखलात केलं तर माती उलट अजून घट्ट बसते, आणि वर आलेले गुल्ले उचलू नका, आपोआप फुटून पसरतात. मग बी टाका, वर चाळलेल्या कंपोस्टचा अगदी पातळ थर द्या आणि उगवेपर्यंत रोज हलकं पाणी मारा. हे सगळं पहिलं हिम पडायच्या निदान ६ आठवडे आधी उरकायला हवं. रायग्रास ५ ते १० दिवसांत दिसतं, फेस्क्यूला आठवडा-दोन आठवडे लागतात, केंटकी ब्लूग्रास मात्र २ ते ४ आठवडे घेतं, तेव्हा मिक्स बी टाकलं असेल आणि जागोजागी मोकळं दिसत असेल तर धीर धरा, लगेच परत बी ओतू नका.

जमलेल्या लॉनला पावसासकट आठवड्याला २.५ सेंटीमीटर पाणी पुरतं आणि ते सकाळीच द्या, रात्रभर पाती ओली राहिली की बुरशी आलीच. वाढ चालू आहे तोवर कापणी चालू ठेवा, थंड हवेतल्या गवतांची उंची ६ ते ८ सेंटीमीटर ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. रुंद पानांची तणं या दिवसांत अन्न मुळांकडे पाठवत असतात म्हणून तणनाशक आत्ता चांगलं लागू पडतं, पण जिथे नवं बी टाकलंय तिथे अजिबात नको. गळलेली पानं थोडी असतील तर मॉवर फिरवून तिथेच बारीक करा, फुकटचं खत आहे ते, पण जाड थर साचला तर खालचं गवत उजेडाविना गुदमरतं, तो गोळा करा आणि भोकं पाडलेल्या पोत्यात ओला करून ठेवा, वर्ष-दोन वर्षांत मस्त पानखत होतं. पाणी गोठत असेल अशा ठिकाणी नळीतलं आणि स्प्रिंकलरमधलं पाणी काढून टाका. आणि हिम धरलेल्या गवतावर चालू नका, गोठलेल्या पेशी पायाखाली तुटतात.

आता कुंड्या. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली झाडं रात्रीचं तापमान १२-१३ अंशांवर आलं की आत घ्या, हिम पडायची वाट बघू नका, कारण बहुतेक घरातली झाडं उष्ण प्रदेशातली आहेत, त्यांना शून्याच्या बऱ्याच वर असतानाच थंडी बाधते. पण आत आणायच्या आधी नीट तपासा, यात कंटाळा करू नका, कारण बाहेर पाऊस, वारा आणि मित्रकीटक मिळून किडीला आवरून धरत असतात आणि घराच्या कोरड्या उबेत तीच कीड भराभर वाढते. पानांच्या मागे, देठाच्या बेचक्यात, कुंडीच्या बुडाशी बघा. कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी, पानं दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. खवले कीड, मावा, पांढरी माशी यांच्यासाठी कीटकनाशक साबण चालतो, आठवड्याने परत मारा कारण अंडी उरतात. आणि नवी आत आलेली कुंडी दोन आठवडे तरी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आत आल्यावर पानं गळतील, फायकस तर हमखास गाळतो, उजेड कमी झाल्याचा तो परिणाम आहे. अशा वेळी सारखी जागा बदलणं आणि खत घालणं, दोन्ही टाळा.

पाण्याचं मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय, कारण थंडीत घरातली झाडं मरतात ती जास्त करून जास्तीच्या पाण्याने. वाढ थांबली की मुळं पाणी कमी ओढतात, माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात, मग पानं मलूल होतात आणि माणसाला वाटतं तहान लागलीय, की अजून पाणी. म्हणून ठरलेला वार विसरा, बोट २-३ सेंटीमीटर मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या, खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटची माती तर पूर्ण वाळू द्या. खत वसंतापर्यंत बंद, कुंडी बदलायचं कामही तेव्हाच, मुळं सडली असतील तरच आत्ता हात लावा.

उजेड वाढवायला खिडकीच्या काचा पुसा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने काढा, खूपच अंधार असेल तर ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा, टायमर लावून १२ ते १४ तास ठेवा. हीटरच्या झोतात नको आणि पान गार काचेला टेकायलाही नको. दमटपणासाठी फवारणी करतात पण तिचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, कॅलेथियासारख्या नाजूक झाडांना ह्युमिडिफायरच बरा. पॉइनसेटियाला परत रंग यायला हवा असेल तर साधारण ८ आठवडे रोज १४ तास सलग काळोख द्या, मध्येच दिवा लावलात तर बिघडतं.

आणि झाडं आत येतायत म्हणजे मांजर आणि रांगणाऱ्या बाळाच्या टप्प्यात येतायत. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, चावलं तर तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो, म्हणून ही उंचावर ठेवा आणि लोंबणाऱ्या वेली छाटून टाका, छाटलेल्या मनी प्लांटला पेरं असेल तर पाण्यात ठेवा, थंडीत जरा हळू पण मुळं फुटतात.