डचमध्ये ‘त्याने मला सांगितलं’ म्हणताना या चुका टाळा

मराठीत एकच ‘सांगितलं’ सगळीकडे चालतं. साहेबांनी थांबायला सांगितलं, शेजारणीने खिडकी लावायला सांगितली, डॉक्टरांनी गोळ्या घ्यायला सांगितल्या. डचमध्ये गाडी इथेच अडते, कारण तिथे हुकूम आणि विनंती यांची वाक्यं वेगळी बांधतात. (पुढचे डच शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.)

सर्वांत जास्त कानावर येणारी चूक म्हणजे ‘हेइ झेइ मेइ ऑम त कोमन’. ‘यायला सांगितलं’मधलं ‘-यायला’ उचललं आणि त्याच्या जागी ‘ऑम त’ चिकटवलं, बस. रोजच्या डचमध्ये ‘झेइ’ला (‘म्हणाला’ला) अशी जोड चालत नाही. म्हणायचं असतं ‘हेइ झेइ दात इक मूस्त कोमन’, म्हणजे ‘तो म्हणाला की मला यावं लागेल’. ‘दात’नंतर कर्ता, मग बाकीचं सगळं आणि क्रियापदं शेवटी. मराठी माणसाला हा क्रम जड जाऊच नये, आपलं क्रियापद शेवटीच बसतं! तरी लोक इंग्रजी साच्यातून जातात आणि ‘झेइ’ऐवजी ‘फरतेल्द’ही घालतात. ‘फरतेलन’ म्हणजे हकीकत सांगणं, हुकूम देणं नव्हे.

विनंती असेल तर ‘झेइ’ सोडा आणि ‘व्रूख’ (विचारलं) घ्या. शेजारीण म्हणाली, ‘खिडकी लावशील का?’ त्याचं ‘झे व्रूख ऑफ इक हेत राम विल्द दिख्तदून’ होतं. इथे ‘ऑफ’ (का) हवं, ‘दात’ (की) नको. ‘ऑम त’ची जागा इथे आहे: ‘झे व्रूख मेइ ऑम हेत राम दिख्त त दून’. हीच विनंती ‘झेइ दात इक मूस्त’ने सांगितलीत, तर बिचारीने हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून आधी मूळ वाक्य तिच्याच शब्दांत मोठ्याने म्हणून पाहा. शेवटी प्रश्नचिन्ह आलं तर ‘व्रूख ऑफ’, उद्गारचिन्ह आलं तर ‘झेइ दात’. पाठांतराच्या तक्त्यांपेक्षा ही सवय जास्त टिकते.

आता नकार. यातली चूक नुसती व्याकरणाची राहत नाही, काम बिघडवते. समजा, साहेब म्हणाले, ‘ती मेल अजून पुढे पाठवू नकोस.’ निरोप देणाऱ्याने सहकाऱ्याला सांगितलं, ‘हेइ झेइ दात य दी मेल नॉख नीत हूव्द दोर त स्त्यूरन’. सहकाऱ्याने ऐकलं, ‘अजून पाठवायची गरज नाही’. म्हणजे पाठवली तरी हरकत नाही. त्याने हातासरशी ती ग्राहकाला पाठवून टाकली. त्याचं काहीच चुकलं नाही. ‘नीत हूवन’ म्हणजे गरज नसणं. आपल्या ‘नकोस’ला ‘नीत मूस्त’च हवं: ‘दात य दी मेल नॉख नीत मूस्त दोरस्त्यूरन’. ‘करू नकोस’ आणि ‘नाही केलंस तरी चालेल’ हा फरक मराठीत कुणी विसरत नाही, मग डचमध्ये का विसरावा? ‘कळलं ना, मग झालं’ म्हणणाऱ्या घाईच्या नवशिक्यांनी इथे तरी थांबावं.

‘फरबीदन’ म्हणजे मनाई करणं. त्यात नकार आधीच आहे, पुन्हा ‘नीत’ घालू नका. ‘हेइ फरबोत मेइ त रोकन’ एवढं पुरे. ‘नीत’ घातलंत तर त्याने सिगारेट न ओढण्याला मनाई केली असा अर्थ निघतो.

दोन तुकड्यांच्या जोडक्रियापदात ‘त’ तुकड्यांच्या मधोमध शिरतो आणि तीन शब्द सुटे लिहिले जातात: ‘ऑपबेलन’ (फोन करणं), पण ‘ऑम हेम ऑप त बेलन’ (त्याला फोन करायला).

‘अल्श्यब्लीफ्त’ (कृपया) निरोपात गळतं. विनंतीचा सूर ‘व्रूख’नेच येतो.

‘तुझं पुस्तक मला दे’ यातली सर्वनामं उलटतात: ‘हेइ झेइ दात इक हेम मेइन बूक मूस्त खेवन’. आणि निरोप दुसऱ्या दिवशी देत असाल, तर ‘मॉर्खन’ तसंच ठेवू नका. ‘उद्या ये’मधला उद्या तोवर आजच झालेला असतो.