तात्या पेटीत नाही? आधी दारं लावा

पाळलेला साप पेटीत दिसला नाही की आधी दारं लावायची, आरडाओरडा नंतर. आमच्याकडे क्रम नेहमी उलटा होतो. भाचा वरच्या खोलीतून "आत्या, तात्या गेला!" म्हणून ओरडतो आणि शेजारच्या बेन लगेच खिडकीतून विचारतात, "मळ्यो के नई?", म्हणजे सापडला की नाही तात्या म्हणजे भाच्याचा बॉल पायथन. साडेतीन फूट, आफ्रिकेतल्या अजगराची जात, बिनविषारी, आणि दिवसभर वामकुक्षीत असतो म्हणून हे नाव. बडोद्यात विश्वामित्रीतली मगर रस्त्यावर आली तर लोक उभे राहून व्हिडिओ काढतात, पण घरात साप हरवलाय म्हटलं की त्याच लोकांचे पाय पलंगावर जातात.

दारं लावल्यावर खालच्या फटींत टॉवेल कोंबा. मोरीच्या जाळीवर वीट ठेवा, कमोडचं झाकण पाडून वर काहीतरी जड ठेवा. वॉशिंग मशीन आत टॉर्च मारून बघितल्याशिवाय चालू करायचं नाही, आणि बघताना आत हात घालायचा नाही. सोफा ओढायचा नाही, दिवाण उघडमीट करायचा नाही, कारण साप चिरडतो तो अशाच वेळी. उंदरांसाठी ठेवलेला चिकट ट्रे असेल तर तो ताबडतोब उचला. साप त्याला चिकटलाच तर ओढू नका, खायचं तेल सोडत सोडत हळूहळू सुटतो. डासांचा स्प्रे, फिनेल, डांबरगोळ्या हे सगळं बंद. सापाला हुसकायला धूर करा असं सांगणारा कुणीतरी भेटतोच, त्याचं ऐकू नका. मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत कोंडा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. अंधारात दिसलेला साप आपलाच असेल असं धरून चालू नका. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही असतात आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की घराच्या आसऱ्याला येतात. बॉल पायथनच्या अंगावरचे तपकिरी डाग आणि घोणशीचे डाग अर्ध्या उजेडात सारखेच वाटतात. दोघांची डोकी रुंद, दोघंही जाडजूड. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, पण ती फुत्कारेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. म्हणून साप पाळणाऱ्यानं त्याच्या दोन्ही कुशींचे स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते. कपाटामागे नुसतं एक वेटोळं दिसलं तर फोटो झूम करून नक्षी जुळवायची. जुळली नाही किंवा नीट दिसली नाही तर हात लावायचा नाही, त्या खोलीचं दार लावून वनविभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवायचं.

शोधायला सुरुवात पेटीपासूनच. भाचा गच्चीपर्यंत धावतो, मी पेटीखाली वाकते. हे साप लांब जायची घाई करत नाहीत, जवळची पहिली अरुंद, अंधारी फट गाठतात. पेटीतली कृत्रिम गुहा आणि पाण्याच्या भांड्याखालची माती आधी उलथी करून बघा, कारण कधीकधी साप हरवलेलाच नसतो. मग पेटीचं स्टँड, त्याच्या ड्रॉवरची मागची पोकळी, मग भिंतीच्या कडेकडेनं पुढे. साप खोलीच्या मधून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. पुस्तकांच्या मागे, बुटात, दिवाणाच्या तळाच्या कापडात, गुंडाळलेल्या सतरंजीत बघा. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात फडताळं आणि कोनाडे इतके आहेत की पूर्वजांनी अजगरासाठीच बांधले असावेत.

ऋतूही बघा. थंडीत साप ऊब शोधतो. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी, इन्व्हर्टरजवळ, सेट टॉप बॉक्सवर. मेमध्ये बाहेर बेचाळीस अंश असताना तोच साप मोरीकडे किंवा माठाच्या तिवईखालच्या ओलसर गारव्याला जातो. फ्रिजमागे दिसला तर आधी प्लग काढा, मगच फ्रिज सरकवा, तोही दोघांनी आणि इंच इंच.

दिवसा नाही मिळाला तर घाबरायचं कारण नाही. मोठा बॉल पायथन कित्येक आठवडे न खाता राहतो. तो निशाचर आहे, त्यामुळे खरं काम रात्री होतं. झोपण्यापूर्वी प्रत्येक उंबऱ्यावर तांदळाच्या पिठीचा पातळ पट्टा ओढा. रांगोळी नको, ती दगडाची भुकटी असते. सकाळी पट्ट्यावर सापाचा माग दिसला की कुठल्या खोलीत गेला ते कळतं, आणि बाकीचं घर शोधातून सुटतं. मुंग्या लागायच्या आत पिठी पुसून घ्या. भिंतीच्या कडेला कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या पसरल्या तर साप त्यावरून जाताना आवाज येतो. दिवे घालवून, पंखा बंद करून, टॉर्च हातात घेऊन गप्प बसायचं. आमच्या घरात हे गप्प बसणं सगळ्यात अवघड.

एक सापळाही लावून ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्याला सापाच्या जाडीपेक्षा थोडं मोठं भोक पाडा. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी आणि पेटीतली थोडी जुनी माती, म्हणजे ओळखीचा वास. शेजारी पाण्याचं उथळ भांडं. पेटीचं दारही उघडं आणि हीटर चालू ठेवा, गरम कोपरा ३१-३२ अंशांवर. काही साप मुकाट्यानं घरी परत येतात. जिवंत उंदीर मात्र आमिष म्हणून मोकळा सोडू नका, उंदीर सापाला कुरतडतो.

सापडला आणि फटीत अडकून बसला असेल तर शेपूट धरून ओढायचं नाही. तो अंग फुगवून भिंतीला रेटतो, आणि ओढाओढीत त्याच्या बरगड्या किंवा मणका दुखावतो. कपाटाची मागची फळी स्क्रू काढून सोडवा. शेपटीच्या टोकाला बोटानं हलकेच स्पर्श केला तर बहुतेक वेळा तो पुढे सरकतो. उचलताना बाजूनं हात न्या, वरून झडप घालू नका, आणि दोन्ही हातांनी अंगाला आधार द्या. घाबरला की चेंडू होऊन बसेल, त्या अवस्थेत उचलणं उलट सोपं.

चावला तर साबण आणि वाहतं पाणी, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. धरून बसला तर ओढू नका, तोंडावर थंड पाणी सोडा. पण चावणारा साप कुठला होता याची किंचितही शंका असेल तर १०८ला फोन करून सरळ सयाजी हॉस्पिटल. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून "काही होत नाहीये" यावर विसंबू नका. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक यात वेळ घालवायचा नाही. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, चौघांवर चालणारं प्रतिविष एकच आहे.

शेजाऱ्यांना सांगायचं. लपवलं तर कुणीतरी काठी घेऊन आधी पोहोचतो. मी फोटो दाखवून सांगते की हा बिनविषारी आहे, दिसला तर टोपली पालथी घाला आणि हाक मारा. कागदपत्रंही हाताशी ठेवा. नाग, धामण, मांडूळ किंवा आपला देशी अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरात ठेवताच येत नाही. बॉल पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, आणि वनविभागाचा माणूस दारात आला की तो पहिल्यांदा तेच मागतो.

परत आल्यावर लगेच खायला घालू नका. भाजल्याच्या खुणा, खरचटणं, खवल्यांत अडकलेली जळमटं बघा, उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकाशी बुडबुडे येत असतील तर पशुवैद्याकडे न्या. मग पेटी तपासा. डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो, म्हणून हीटरच्या वायरचं भोक, सरकत्या काचेच्या मधली फट, झाकणाचा कोपरा, सगळीकडे बोट घालून पाहा. काचेला कुलूप लावा, आणि किल्ली भाच्याकडे नको.