पावसाळी रात्री झुडपी बेडूक कसा शोधावा

बेडूक म्हटला की आपली पावलं आधी डबक्याकडे वळतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पहिल्या वर्षी मीही तेच केलं. गमबुटात पाणी शिरलं, बाकी काही नाही. झुडपी बेडकाला तळं लागतच नाही. राओर्केस्टिस गटातला हा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा जीव (नाव 2010 साली प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांच्यावरून ठेवलं). मादी मोजकीच, पण भरपूर बलक असलेली अंडी घालते. कुठल्या जातीची पानांवर, कुठलीची ओल्या पाचोळ्यात. शेपटीवाली पिल्लं पाण्यात सोडायची भानगडच नाही. ती सगळी वाढ अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो थेट चिमुकला बेडूक. अंडी सुकू नयेत म्हणून हवा मात्र सतत दमट लागते.

म्हणून मिरगानंतर चांगला पाऊस लागला की निघा. गणेशचवथीपर्यंत वेळ आहे. अभयारण्यात रात्री शिरू नका. कुळागराची (सुपारीच्या बागेची) कड किंवा चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या गावातलं ओळखीच्या माणसाचं परसू पुरे.

अंधार पडल्यावर बॅटरी विझवून दहा मिनिटं नुसते उभे राहा. हे सगळ्यांत कठीण. रातकिड्यांच्या किर्रर्रमधून कोरडी, तुटक टिकटिक वेगळी काढायला कान सरावावा लागतो. ओरडतो तो नर, मादीला बोलावायला. आवाज सापडला की सोबत्याला चार-पाच पावलं बाजूला उभं करा आणि दोघांनी आपापल्या जागेवरून आवाजाकडे बोट दाखवा. दोन्ही बोटांच्या रेषा जिथे छेदतात, ते झुडूप. जवळ गेलात की तो गप्प होईल. हलू नका, पुन्हा सुरू करतो.

आता मंद उजेड टाका, कमरेच्या उंचीपासून पानोपान. गळ्याखाली फुगलेला पारदर्शक फुगा आधी दिसतो, बेडूक नंतर. बोटांच्या टोकांच्या चकत्यांनी तो पानाला चिकटलेला असतो.

पानात हात घालण्याआधी फांदी नीट बघा. बेडकांच्या मागावर चापडा सापही त्याच झुडपात बसतो आणि तो विषारी आहे.

बेडकाला हात लावूच नका. तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. आपल्या हाताचं डासांचं मलम त्याला बाधतं. दोन फोटो काढा, फ्लॅश नको, आणि उजेड बंद करा. जळवा घरी येऊन काढा.